आखूड दांड्याचा पाना

मिस्त्रींच्या वर्कशॉपात पकड कानाने तपासली जाई. मिलिंग मशीनच्या, म्हणजे फिरत्या कटरने लोखंडात खाचा पाडणाऱ्या यंत्राच्या, तोंडाशी कटर धरणारा एक पोलादी चक होता. त्यात कोलेट, म्हणजे उभ्या चिरा पाडलेली एक आखूड पोलादी नळी, बसे. कोलेटमध्ये कटरची दांडी सरकवायची आणि वरून मोठा गोल नट आवळायचा. नट आवळला की चिरा मिटतात आणि कटर घट्ट धरला जातो. नटाच्या कडेला खोबणी होत्या. त्या कशासाठी, हे कोणाही नवख्याच्या ध्यानात यावे: एखाद्या पान्याचा दात त्यांत अडकवून नट फिरवायचा असणार. पण तो पाना तिथे कधीच नव्हता. मिस्त्री एका बोथट छिन्नीचे टोक खोबणीत टेकवत आणि हातोडीचे ठोके देत. पहिले ठोके बद्द वाजत. मग आवाज चढत जाई, आणि तो ठरावीक सुराला पोचला की मिस्त्री हातोडी खाली ठेवत. "बसली," म्हणत. पकड बसली, असा त्याचा अर्थ.

हा सूर त्यांनी आपल्या सुनेला शिकवला होता.

वर्कशॉप खाली आणि घर वर, मध्ये एक उभा लोखंडी जिना. खालच्या एकाच लांबट खोलीत दोन यंत्रे: दाराजवळ मिस्त्रींचे कातकामाचे लेथ, खिडकीजवळ मिलिंग मशीन. मिस्त्रींच्या मुलाला वर्कशॉपचा लहानपणापासून कंटाळा. तो बस चालवी. "बसही लोखंडाचीच," त्याची आई म्हणे, "पण ती याला घेऊन पळते, एवढाच फरक." सून घरात आली तेव्हा खाली चहा पोचवणे हे तिचे काम ठरले. कप ठेवून ती लगेच वर येत नसे. एके दिवशी तिने सासऱ्यांना विचारले, "मामा, हे चाक एक वेढा फिरवलं की टेबल किती सरकतं?"

मिस्त्रींनी लेथ थांबवले. आजवर त्यांना घरातल्या कोणी विचारलेला प्रश्न एकच होता: जेवायला कधी येताय?

"तूच मोजून सांग," ते म्हणाले, आणि व्हर्निअर, म्हणजे केसभर मापही दाखवणारी सरकती मोजपट्टी, तिच्या हातात दिला.

तिथून सुरुवात झाली. आधी लोखंडाचा कीस झाडणे, मग तेल देणे, मग चाक फिरवणे. सासूबाईंनी वरून चिक्कार तोंड वाजवले. "सून आणलीय का हेल्पर आणलाय?" पण पुढे पंपाचा एक दांडा तिने एकटीने पुरा केला तेव्हा शेजारणीला बोलावून तो दाखवणाऱ्याही त्याच होत्या. "आमच्या हिने केला," एवढेच म्हणाल्या, आणि शेजारीण हात लावू लागताच, "राहू दे, डाग पडेल," म्हणून दांडा मागे घेतला.

सुनेला त्या कामात काय मिळाले, हे तिने कधी शब्दांत मांडले नाही. पण ते ओळखणे अवघड नाही. स्वयंपाकघरात चूक तत्काळ सापडते. मीठ जास्त पडले की ताटावर बसलेला प्रत्येक जण परीक्षक होतो. मीठ नेमके पडले, तर मात्र त्याची दखल घेण्याची रीत कुठल्याच घरात नसते. ज्या कामात केवळ चूक दिसते आणि बरोबर अदृश्य राहते, ते काम करणारी व्यक्तीही हळूहळू अदृश्य होते. मिलिंग मशीनवर तिला आयुष्यात प्रथमच असे काम लाभले, ज्यात बरोबरही चुकीइतकेच मोजता येत होते. शिवाय ते तिचे होते. कोणाची सून, कोणाची बायको, याच्याशी व्हर्निअरला देणेघेणे नव्हते.

तिचे मुख्य काम चावीच्या खाचा पाडण्याचे. पंपाचा दांडा आणि त्यावरचे चाक एकत्र फिरावे म्हणून दोघांच्या मध्ये पोलादाची एक चौकोनी चावी बसते; तिच्यासाठी दांड्यात कटरने सरळ खाच पाडावी लागते. खाच चावीला घट्ट हवी. केसभर सैल झाली तरी चावी खुळखुळते, मग झिजते, मग एके दिवशी पंप नुसता फिरतो आणि पाणी येत नाही.

आणि खाचा सैल होऊ लागल्या.

पंप दुरुस्त करणारा एक पंपवाला, मिस्त्रींचे जुने गिऱ्हाईक, दांडे परत घेऊन आला. तो भांडला नाही. त्याने एक चावी खाचेत ठेवली आणि दांडा कानाशी धरून खुळखुळ्यासारखा हलवला. "मिस्त्री, नातवासाठी ठेवू का हे?" म्हणाला. मिस्त्री हसले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी डायल काढली. केसाच्या अंशाइतकी थरथरसुद्धा काट्यावर दाखवणारे ते छोटे घड्याळ त्यांनी फिरत्या कटरला टेकवले. काटा चांगलाच हेलकावे खात होता. कटर आपल्या जागी न फिरता आउट, म्हणजे मधल्या रेषेबाहेर, फिरत होता. म्हणून खाच कटरपेक्षा रुंद पडत होती.

"बेअरिंगं गेली," मिस्त्री म्हणाले. "मशीन म्हातारं झालं."

जुन्या मशीनची बेअरिंगे बदलणे म्हणजे जवळजवळ नवे मशीन घेणे. मिस्त्रींचा स्वभाव असा, की आपल्या नावाने वाईट माल बाहेर जाण्यापेक्षा माल न जाणे त्यांना परवडे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फाटके आणि जाळ्या बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला बोलावले. त्याला सगळे फाटकवाला म्हणत. मशीन झिजलेले आहे, नाजूक कामाचे राहिलेले नाही, ओबडधोबड कामाला चालेल, असे मिस्त्रींनी त्याला स्वतःहून सांगितले. त्याला चालणार होते. आठवड्याने टेम्पो घेऊन येतो, म्हणाला. मिस्त्रींनी शब्द दिला.

जेवताना मिस्त्रींनी ही गोष्ट घरात सांगितली. सून वाढत होती. तिचा हात थांबला नाही. पण आपल्याला काय सांगितले जात आहे, ते तिला पुरते कळले. मशीन गेले की खाली तिचे काही उरत नव्हते. लेथ मिस्त्रींचे होते, आणि एका लेथला दोन माणसे लागत नाहीत. चहाचा कप मात्र खाली नेता येणार होता.

"इतकी वर्षं बरं चाललं की ते मशीन," मुलगा म्हणाला.

"इतकी वर्षं मीही बरा चाललो. आता गुडघे बोलतात."

"नाचता येईना अंगण वाकडं," सासूबाई सहज बोलून गेल्या. सगळे हसले, मिस्त्रीही हसले.

सून हसली नाही. अंगण खरोखर वाकडे आहे का, हे कोणी पाहिलेलेच नाही, असे तिच्या मनात आले.

सकाळी मिस्त्री बाजारात गेलेले असताना तिने चक, कोलेट, नट, सगळे उतरवले. डायलचे टोक तिने मशीनच्या रिकाम्या तोंडात, आतल्या निमुळत्या भिंतीला टेकवले आणि स्पिंडल, म्हणजे चकाला फिरवणारा मशीनचा आस, हाताने फिरवला. काटा जवळजवळ हललाच नाही. तिचा विश्वास बसेना. डायल नीट बसली नसेल म्हणून तिने पुन्हा लावली, पुन्हा फिरवला. काटा तसाच. बेअरिंगे शाबूत होती. मग तिने चक चढवला, त्याच्या आत डायल लावली, काटा स्थिर. शेवटी कोलेट आणि कटर घालून, नेहमीसारखी छिन्नी टेकवून, ठोके देऊन, तो ठरलेला सूर येईपर्यंत नट आवळला. डायल कटरला लावली. काटा हेलकावे खाऊ लागला.

तिने नट सोडवून खिडकीशी नेला आणि कडेवरून बोट फिरवले. बोटाला खरचटले. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी खोबणींचे काठ चेचून त्यांना ओठ फुटले होते. आतल्या बाजूलाही धातू दाबून वर आला होता. त्या उंचवट्यामुळे नट चकावर सपाट बसतच नव्हता. एकाच अंगावर पडणाऱ्या ठोक्यांनी तो आणखी कलून अडकत होता, कोलेटला एका बाजूने जास्त दाबत होता आणि कटरला तिरका धरत होता. आणि आवाज? नट कलून अडकला की आवाज चढतो. पकड बसली की तो जसा चढतो, तसाच. मिस्त्रींच्या कानाला हे दोन चढ वेगळे ओळखता येत नव्हते, कारण तो ज्या काळी तयार झाला त्या काळी नट नवा होता.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. चोर मात्र तिचा गुरू होता.

मिस्त्रींची ही रीत कुठून आली, हे तिला ठाऊक होते. तरुणपणी ते एका मोठ्या कारखान्यात होते. तिथे पाने स्टोअरच्या जाळीआड कुलपात असत. पाना हवा तर आपला पितळी बिल्ला गहाण ठेवायचा, रांगेत उभे राहायचे, आणि स्टोअरकीपरच्या चेहऱ्यावरचा संशय सोसायचा. जणू पाना मागणारा तो घरी नेऊन विकणारच आहे. रांगेत गेलेला वेळ फोरमन आळसात जमा करी. तेव्हा कामगारांनी पाना मागणेच सोडले. छिन्नी आणि हातोडी प्रत्येकाजवळ असे. जो अजूनही स्टोअरकडे जाई, त्याला बाकीचे म्हणत, "काय रे, हात आहे का हातमोजा?" अविश्वासाने आणलेली टंचाई अशी थोड्याच काळात मर्दुमकी झाली. माणसाकडून काही हिरावून घेतले, की त्याला एकच मार्ग उरतो: त्यावाचून आपले अडत नाही, हे सिद्ध करत राहणे. पुढे जाळी जाते, कुलूप जाते, स्टोअरकीपरही जातो. सिद्ध करण्याची सवय मागे राहते आणि कौशल्य म्हणून पुढच्या पिढीला दिली जाते. मिस्त्रींनी स्वतःचे वर्कशॉप उभारले, तिथे त्यांना अडवणारे कोणी नव्हते. तरीही पाना घ्यावा, हे त्यांच्या मनात आले नाही.

हे सारे त्यांना कसे सांगावे, ते सुनेला उमगेना. न सांगावे तर मशीन जात होते. सांगावे तर, ज्या माणसाने घरात पहिल्यांदा तिच्या हाती व्हर्निअर दिला, त्याला जाऊन म्हणायचे की तुमचा सूर खोटा. तिने मधला रस्ता काढला.

"मामा, माझ्या मनगटाला हातोडी झेपत नाही हल्ली. नटाला एक पाना करून बघू का?"

"दुखतंय? आईकडून तेल चोळून घे." मिस्त्रींनी लेथवरून मान वर केली नाही. "पाना कशाला? चार दिवसांत मशीन चाललं."

"राहिलेले दांडे तरी होतील."

"कर मग. पट्टी वाया घालवू नकोस."

तिने नटाच्या तोंडाला ग्रीस माखून त्यावर कागद दाबला. नटाची गोल कड आणि खोबणी कागदावर स्वच्छ उमटल्या. ते चित्र तिने साध्या लोखंडी पट्टीवर चिकटवले, गोलाईच्या रेघेवर जवळजवळ भोके पाडली, मधला धातू छिन्नीने तोडला आणि कानशीने कड रेघेपर्यंत आणली. नटाच्या पाठीला मिठी मारणारी चंद्रकोर, तिच्या टोकाला आत वळलेला एक दात, आणि मागे दांडा. दिसायला झकास झाला. दात खोबणीत घालून तिने दांडा ओढला, आणि दात बिनतक्रार वाकला.

मिस्त्रींनी लेथवरून पाहिले. "दुधाचा दात निघाला ग!"

ती लाजली, पण तेवढ्यात तिच्या दोन चुका तिला दिसल्या. लोखंड मऊ होते, ही उघड चूक. दुसरी खोल होती: तिने दाताचे माप चेचलेल्या खोबणीवरून घेतले होते. बिघडलेल्या वस्तूला बेतून केलेले हत्यार बिघाडच पक्का करते. आधी नट सुधारायला हवा होता. तिने तो तांब्याच्या पत्र्यात गुंडाळून वाइसच्या जबड्यात धरला आणि बारीक कानशीने खोबणींचे ओठ उतरवले, काठ सरळ केले, आतला उंचवटा घासून घालवला. किती घासायचे, हे तिला कोणी सांगणारे नव्हते. काचेच्या तुकड्यावर शाई लावून त्यावर ती नट टेकवून बघे. जिथे शाई लागे तिथला उंचवटा उतरवी. शाई सगळीकडे सारखी लागेपर्यंत हे चालले.

कडक लोखंड नवऱ्याने आणले. बसच्या चाकावरचा कमानीचा पाटा तुटला की डेपोत त्याचे तुकडे एका कोपऱ्यात पडून राहत. मेकॅनिकला विचारून त्याने एक तुकडा पिशवीत घालून आणला.

"लोकांच्या बायका गजरा मागतात," जिना चढताना तो म्हणाला.

"गजरा संध्याकाळी सुकतो."

"हा सुकणार नाही. पण पिशवी फाडली बघ यानं. आई ओरडेल."

आई ओरडली; पण पिशवीवरून नाही. तो पाटा इतका कडक की कानस त्यावरून घसरे. तो मऊ करायला कोळशाच्या शेगडीत लाल तापवून राखेत हळूहळू निववणे भाग होते. "आज काय, लोखंडाची भाजी?" सासूबाईंनी विचारले. "मीठ घालू का?" मग पदार्थ नवा असला की त्यांना राहवत नसे, त्याप्रमाणे त्यांनीच पंखा हातात घेतला आणि शेगडी फुलवली. राखेत पुरल्यावर सून तुकडा मध्येच उकरून बघू लागली, तेव्हा त्यांनी तिच्या हातावर चापट मारली. "झाकण उघडून उघडून काही शिजत नाही. निवू दे."

निवलेला पाटा कानशीला वश झाला. या खेपेला दात तिने नटाच्या सरळ झालेल्या खोबणीला लावून लावून घासला, हलके दाबताच आत जाईल आणि हलणार नाही इतका. मग पाणी देण्याची, म्हणजे दाताला पुन्हा कडक करण्याची, वेळ आली. नुसता लाल करून तेलात बुडवला तर दात काचेसारखा कडक होतो आणि काचेसारखाच तुटतो. तिने तो तेलात बुडवला, घासून चकचकीत केला आणि पुन्हा मंद आचेवर धरला. चकाकीवर रंग चढू लागला: आधी फिकट, मग कांद्याच्या सालीसारखा. तो रंग दाताच्या टोकाशी पोचताच तिने पाना आचेवरून काढला.

पान्याचा दांडा अजून लांब होता. पहिल्यांदा नट आवळताना तो इतका सहज फिरला की ती घाबरली. आणखी ओढला असता तर कोलेट चिरला असता आणि हाताला कळलेही नसते. तिने करवत घेतली आणि दांडा आपल्या मुठीत मावून थोडा उरेल एवढाच ठेवला. ज्या हत्याराने माणसाचा जोर वस्तूच्या सहनशक्तीच्या पुढे जातो, ते हत्यार सोयीचे असले तरी शहाणे नसते. तिने ते असे म्हटले नाही. ती कापत राहिली.

खाली त्या दिवशी ठोक्यांचा आवाज आला नाही. मिस्त्रींनी लेथ थांबवून कान दिला.

"बसली का?"

"बसली."

"आवाज नाही आला."

"पान्याला आवाज नाही, मामा."

"मग बसली कशावरून?"

तिने दांड्यात खाच पाडली, कीस पुसला आणि दांडा त्यांच्यापुढे धरला. मिस्त्रींनी चावी खाचेवर ठेवली. ती आपसूक आत गेली नाही. अंगठ्याने दाबली, तरी नाही. तळहाताचा भार दिला, तेव्हा ती सावकाश आत बसली आणि जणू तिथेच घडवली असावी अशी राहिली. मिस्त्रींनी ती काढायचा प्रयत्न केला, निघाली नाही. त्यांनी दांडा टेबलावर ठेवला आणि ते वर गेले.

दुसऱ्या दिवशी सून खाली आली तेव्हा मिस्त्री तिच्या मशीनपाशी होते. डायल लावलेली होती. बाजूला छिन्नी, हातोडी आणि नवा पाना मांडलेला होता. त्यांनी काय काय करून पाहिले असेल, ते विचारण्याची गरज नव्हती. नटाच्या नुकत्याच सरळ केलेल्या एका खोबणीवर ताजा ठोका उमटला होता.

"मनगट कसं आहे?" त्यांनी विचारले.

"बरं आहे."

"दुखत होतं ना?"

तिने खोबणीवरच्या ठोक्यावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "नव्हतं दुखत, मामा."

"ठाऊक आहे. दुखऱ्या मनगटाची बाई दिवसभर कानस मारत नाही. तुला कधी कळलं?"

"तुम्ही विकायचं बोललात, त्याच्या दुसऱ्या सकाळी."

"आणि मला आज. तेही डायलकडून."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं! वाटू द्यायचं! तुझा दांडा चुकला की मी सांगतो का नाही? का सून आहे, रडेल, म्हणून गप्प बसतो?"

"सांगता."

"कसा सांगतो?"

"गल्लीला ऐकू जाईल असा."

"पलीकडच्या गल्लीलासुद्धा," जिन्यावरून सासूबाईंचा आवाज आला.

"तू वर जा ग!" मिस्त्री ओरडले. मग आवाज खाली आणून सुनेला म्हणाले, "मग माझ्या वेळी हे मनगट कुठून आलं? ज्याला सांभाळून घ्यावं लागतं, तो माणूस कामातनं उठलेला असतो, पोरी. मी अजून उठलेलो नाही."

तिला रडू आले नाही, शरम वाटली. दुसऱ्याला दुखवू नये, हा सद्गुण खरा. पण सत्य पेलण्याची ताकद त्याच्यात उरलेली नाही, असे परस्पर ठरवून टाकणे हा त्याच सद्गुणाच्या वेषातला अपमान असतो. आणि तो बहुधा आपल्या माणसांकडूनच होतो, कारण परके आपल्याला जपण्याची तसदी घेत नाहीत. मिस्त्रींना चूक लागली नव्हती. जपलेले लागले होते. हा भेद ओळखण्याइतका मोठेपणा त्या माणसात होता, आणि तो ऐकून घेण्याइतका तिच्यात.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"माझंही चुकलं. पण माझं चुकलेलं मोठं आहे, तू मध्ये येऊ नकोस." त्यांनी पाना उचलून हातात तोलला. "दांडा एवढा आखूड का केलास?"

"लांब होता तेव्हा जास्त आवळलं जात होतं."

मिस्त्रींनी दाताचे टोक उजेडाकडे धरले. "रंग कुठला धरलास?"

"कांद्याच्या सालीचा."

"हं," ते म्हणाले. शिकवणारा माणूस शिकण्याची सुरुवात याहून मोठ्या आवाजात करत नाही.

फाटकवाला ठरल्या दिवशी टेम्पो घेऊन हजर झाला. मिस्त्रींनी त्याला बसायला स्टूल दिले.

"मशीन झिजलेलं नाही. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

फाटकवाल्याने डोळे बारीक केले. "किंमत वाढवताय होय?"

"किंमत नाही, माहिती वाढवतोय. बघा."

त्यांनी स्वतः छिन्नी-हातोडीने नट आवळून डायल दाखवली. मग सैल करून सुनेच्या पान्याने आवळला आणि पुन्हा दाखवली. आपली चूक त्यांनी एखाद्या तिऱ्हाइताची सांगावी तशी सविस्तर सांगितली, काही गाळले नाही. फाटकवाला वाकून काट्याकडे बघत राहिला.

"मग तर मला हवंच की हे," तो म्हणाला.

मिस्त्रींचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "शब्द दिलाय. न्या."

सुनेने पाना मशीनच्या टेबलावर ठेवला. आजवर खाली आलेल्या गिऱ्हाइकाशी ती मापाखेरीज काही बोललेली नव्हती.

"भाऊ, तुम्ही काय घ्यायला आला होता?"

"मिलिंग मशीन."

"कुठलं? झिजलेलं, खाचा सैल पाडणारं, जाळ्या-फाटकांच्या कामाचं. मामांनी शब्द दिला तो त्याचा. तसं मशीन इथं नाही. हे वेगळं आहे, आणि यावर मी काम करते. हे गेलं तर मी काय करू, ते कोणी ठरवलेलं नाही."

शेवटचे वाक्य तिने सासऱ्यांकडे न बघता म्हटले. पण ते त्यांनाही होते. मिस्त्रींनी मान खाली घातली. मशीन विकण्याचा निर्णय घेताना त्यांनी आपल्या नावाचा विचार केला होता, गिऱ्हाइकाचा केला होता. तिचा केला नव्हता. तो नकळत राहून गेला, हे खरे. पण घरातल्या बाईच्या वाट्याचे पुष्कळसे अन्याय असेच नकळत राहून गेलेले असतात.

"वहिनी, वकील का नाही झालात?" फाटकवाला हसला. त्याने टोपी काढून डोके खाजवले. टेम्पोकडे पाहिले, डायलकडे पाहिले. "खरं सांगू? माझ्या पोरांच्या हाती असलं मशीन म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. महिन्यात त्याचं फाटक करून ठेवतील. राहू दे. शब्द सोडला, मिस्त्री."

"टेम्पो रिकामा जाणार तुमचा."

"रिकामाच बरा. भरला की टायर फुटतो त्याचा." तो उठला आणि दारातून मागे वळून म्हणाला, "आमच्याकडेही ड्रिल मशीनवर हातोडीच चालते, बरं का. बोलावीन एकदा वहिनींना, शिव्या द्यायला."

टेम्पो गेल्यावर मिस्त्रींनी परत आलेले दांडे टेबलावर ओळीने मांडले. सैल झालेली खाच अरुंद करता येत नाही. पण दांडा अर्धा फिरवून बरोबर पाठीमागच्या बाजूला नवी खाच पाडता येते. जुनी खाच तशीच दिसत राहते.

"पंपवाला विचारेल, ही दुसरी खाच कसली," ते म्हणाले. "त्याला माझं नाव सांग. मिस्त्रींच्या हातानं बिघडलं म्हणून सांग."

"त्यातले निम्मे ठोके माझे आहेत, मामा. दोघांचं नाव सांगेन."

मिस्त्रींनी थोडा विचार केला. "बरं," म्हणाले, आणि पहिला दांडा उचलून, जुनी खाच खाली येईल असा, तिच्या मशीनवर धरला.